घरी कोणती भाषा बोलता?

अमेरिकेच्या जनगणना खात्याची एक प्रश्नावली दरवर्षी सुमारे पस्तीस लाख पत्त्यांवर जाते. घरातल्या पाच वर्षांवरच्या प्रत्येक माणसाबद्दल तीत विचारलेलं असतं, की हा माणूस घरी इंग्रजीखेरीज दुसरी भाषा बोलतो का? उत्तर ‘हो’ असेल तर त्या भाषेचं नाव लिहायचं. त्यापाठोपाठ पुढचा प्रश्न येतो: याला इंग्रजी कितपत बोलता येतं? उत्तरासाठी चार चौकटी असतात. फार चांगलं, चांगलं, फारसं चांगलं नाही, अजिबात नाही. 1980 च्या जनगणनेपासून हे प्रश्न याच क्रमाने विचारले जात आहेत. भाषेची परीक्षा कुणी घेत नाही, बहुतेक वेळा घरातलं एकच माणूस सगळ्यांच्या वतीने खुणा करतं. आणि हिशेब मांडताना ‘फार चांगलं’ सोडून बाकी तिन्ही खुणा एकाच बाजूला जातात. ‘चांगलं’ असं प्रामाणिकपणे लिहिणारा माणूसही इंग्रजीत कच्चा ठरतो.

हा प्रश्न निरुपयोगी नाही. मतपत्रिका कोणत्या भाषांत छापायच्या, रुग्णालयात दुभाषी कुठे लागतील, शाळेला जादा शिक्षकांचे पैसे किती मिळतील, हे त्याच्या उत्तरांवरून ठरत आलं आहे. माझी तक्रार त्याच्या क्रमाबद्दल आहे. जो घरी इंग्रजीच बोलतो त्याला इंग्रजी कसं येतं हे कुणी विचारत नाही, ते उत्तमच असणार असं गृहीत धरलेलं आहे. ज्याच्या घरात दुसरी भाषा आहे त्याच्याबद्दल मात्र लगेच शंका येते. घरची भाषा आणि इंग्रजी एकाच तराजूच्या दोन पारड्यांत आहेत, एक खाली गेलं की दुसरं वर जाणार, ही समजूत त्या क्रमातच आहे. तीच समजूत पुण्यात, नाशकात, लातुरात आईबापांच्या मनात घट्ट बसलेली मी पाहतो. ती खरी आहे की नाही हे तपासायला मला ओहायो राज्यातली होम्स काउंटी फार उपयोगी वाटते.

काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा प्रशासकीय विभाग, पण होम्सची वस्ती आपल्या लहानशा तालुक्याएवढीसुद्धा नाही. 2020 साली तिथे 44 हजारांच्या आसपास माणसं होती. मिलर्सबर्ग हे मुख्य गाव, आणि बर्लिन, वॉलनट क्रीक, चार्म, माउंट होप अशी लहान गावं टेकड्यांमधून विखुरलेली. शेती, दुभती जनावरं, लाकडी फर्निचरचे कारखाने. परदेशातून नुकत्याच आलेल्यांची इथे गर्दी नाही. तरीही 2000 च्या जनगणनेत इथल्या दर दहांतल्या चार जणांनी घरी इंग्रजीखेरीज दुसरी भाषा बोलतो असं सांगितलं. या लोकांचे पूर्वज 1809 च्या सुमारास या टेकड्यांत येऊन राहिले. अमेरिकेत तर ते त्याहून आधी आलेले, देश स्वतंत्र होण्याच्याही आधी.

हे आमिश या ख्रिस्ती पंथाचे लोक. घोड्याच्या बग्गीतून फिरणारे, मोटार न ठेवणारे, घरात बाहेरच्या तारेने येणारी वीज न घेणारे. त्यांच्या भाषेला इंग्रजीत पेनसिल्व्हेनिया डच म्हणतात, ते स्वतः ‘डाइच’ म्हणतात. हॉलंडच्या डचशी तिचा थेट संबंध नाही. जर्मनीच्या नैर्ऋत्येकडच्या फाल्त्स प्रदेशातल्या बोलींपासून ती घडली आणि अठराव्या शतकात पेनसिल्व्हेनियात रुजली. नावाच्या या घोळामुळे 2000 च्या आकडेवारीत एकाच भाषेची तीन शकलं झाली. बहुतेकांची नोंद पेनसिल्व्हेनिया डच अशी झाली, काहींची जर्मन, तर काहींची चक्क डच. एकाच गल्लीतले शेजारी, एकाच बोलीत एकमेकांना हाका मारणारे, कागदावर तीन भाषांचे झाले. आता काउंटीच्या पातळीवरच्या संक्षिप्त तक्त्यात ही भाषा ‘जर्मन किंवा इतर पश्चिम जर्मानिक भाषा’ या एका ओळीत विरून जाते. त्याच तक्त्यात एखादं मराठी घर निघालं तर ते ‘इतर इंडो-युरोपीय भाषा’ या ओळीत जाईल.

आमिशांच्या आयुष्यात भाषा तीन आहेत, आणि प्रत्येकीचं काम ठरलेलं आहे. जेवताना, गोठ्यात, भांडताना, मुलाला झोपवताना डाइच. प्रार्थनेला ल्यूथरच्या बायबलचं जुनं जर्मन आणि ‘आउसबुंड’ नावाचं सोळाव्या शतकातलं भजनांचं पुस्तक. लिहिण्यावाचण्याला इंग्रजी. हा तिसरा भाग ऐकला की आपल्याला थबकायला होतं. घरात डाइच बोलणारी बाई बहिणीला पत्र लिहिते ते इंग्रजीत. शेजारच्या काउंटीतल्या शुगरक्रीक गावाहून ‘द बजेट’ नावाचं साप्ताहिक 1890 पासून निघतं. गावोगावच्या आमिश आणि त्यांच्या जवळच्या मेनोनाइट पंथातल्या वार्ताहरांची पत्रं त्यात छापली जातात. कुणाकडे पाहुणे आले, पेरणी कुठवर आली, कुणाला मुलगा झाला. लिहिणाऱ्याची आणि वाचणाऱ्याची घरची भाषा बहुतेक वेळा एकच असते, तरी मधला कागद इंग्रजी असतो. आमिशांना डाइच लिहिण्याची सवयच नाही. तिच्यात नवा करार आला 1994 साली, आणि संपूर्ण बायबल व्हायला 2013 उजाडलं. त्याआधी पिढ्यान् पिढ्या त्यांच्यात ती निव्वळ तोंडातोंडी चालत आली.

आमिश मूल पाच-सहा वर्षांचं होईपर्यंत जवळजवळ फक्त डाइचमध्ये वाढतं. दुकानात, रस्त्यावर इंग्रजी कानावर पडतं तेवढंच. मग शाळा. बहुतेक ठिकाणी समाजाचीच एक खोलीची शाळा असते, एखादी तरुण आमिश मुलगी शिक्षिका असते आणि शिकवणं इंग्रजीत चालतं. कित्येक शाळांत वर्गात इंग्रजीच बोलायचा नियम असतो, म्हणजे घर आणि शाळा यांच्या सीमेवर भाषा बदलते. दोनतीन वर्षांत मुलं इंग्रजी बोलू लागतात आणि मोठेपणी गिऱ्हाइकाशी, डॉक्टरशी, बँकेतल्या माणसाशी आसपासच्या ओहायोकरांसारखंच बोलतात. कपडे न पाहता नुसता आवाज ऐकला तर अनेकदा ओळखूही येणार नाही. सहा वर्षांपर्यंत इंग्रजीशिवाय वाढलेलं, घरी कधीच इंग्रजी न बोलणारं, आठवीनंतर शाळा सोडणारं हे माणूस आयुष्यभर इंग्रजीत व्यवहार करतं. तराजूची उपमा इथे लागू पडत नाही. घरची भाषा पूर्ण वजनाने एका पारड्यात बसलेली आहे आणि दुसरं पारडंही रिकामं नाही.

अमेरिकेत इतरत्र ‘इंग्रजीत कच्चे’ म्हटलं की डोळ्यांसमोर वयस्क माणसं येतात. आजी, उशिरा आलेले काका, कारखान्यात राबणारा बाप. त्यांच्या घरातली मुलं मात्र इंग्रजी भराभर उचलतात, आणि तिसऱ्या पिढीला आजीची भाषा समजत नाही. होम्समध्ये चित्र उलटं असायला हवं. तिथे इंग्रजी न येणारा माणूस मुख्यतः पाचसहा वर्षांचा आहे, आणि ती उणीव दोन हिवाळ्यांत भरून निघते. पहिल्या प्रकारच्या घरात तो आकडा सरत्या पिढीचा आहे, दुसऱ्या प्रकारच्या घरात उगवत्या पिढीचा. एकूण बेरजेच्या तक्त्यात मात्र दोन्ही एकाच खान्यात, एकाच उणिवेच्या नावाखाली दिसतात. शिवाय हे तक्ते पाच वर्षांवरच्या माणसांचे असतात. एखादी भाषा पुढे जगणार का, याचा सर्वांत खात्रीचा पुरावा चार वर्षांच्या मुलाच्या तोंडात असतो, आणि नेमकं तेच मूल गणतीत नाही.

डाइच टिकली हे खरं, पण ती कुणी टिकवली याची कथा मला अधिक अस्वस्थ करते. एकोणिसाव्या शतकात ही भाषा बोलणाऱ्यांत आमिश आणि मेनोनाइट मूठभर होते. बहुसंख्य होते ते ल्यूथरन आणि रिफॉर्म्ड पंथांचे साधे शेतकरी आणि कारागीर, ज्यांचे कपडे, धंदे, शाळा चारचौघांसारखे होते. भाषेचा अभिमान यांना होता. कवी यांच्यातले, वर्तमानपत्रांतली बोलीभाषेतली सदरं यांची. हेन्री हारबॉ या धर्मगुरूचा डाइच कवितांचा संग्रह 1870 मध्ये निघाला तो याच परंपरेतला. 1934 पासून यांनी ‘ग्रुंडसाउ लॉज’ नावाच्या मेजवान्या भरवायला सुरुवात केली. तिथे भाषणं, गाणी, नाटुकली सगळं डाइचमध्ये, आणि चुकून इंग्रजी शब्द बोलला तर दंड. आज या लोकांच्या घरात ती भाषा जवळपास उरलेली नाही. ज्यांनी तिच्यात कविता लिहिली त्यांची नातवंडं इंग्रजीच बोलतात. ज्यांनी तिच्यात पत्रसुद्धा लिहिलं नाही त्यांची नातवंडं डाइचमध्ये रडतात.

मेजवानीत इंग्रजीला दंड करणारा बाप घरी गेल्यावर मुलाशी इंग्रजीत बोलत होता, कारण शाळेत मुलाच्या उच्चारांना लोक हसतील अशी त्याला भीती होती. ही भीती कुठून आली तेही सांगायला हवं. पहिल्या महायुद्धात जर्मन ऐकू आलं की संशय येई. 1918 च्या मे महिन्यात आयोवाच्या राज्यपालांनी फर्मान काढून सार्वजनिक जागी, आगगाडीत, टेलिफोनवरसुद्धा परकी भाषा बोलायला बंदी केली. 1919 मध्ये नेब्रास्काने आठवी पास होण्याआधी मुलांना परकी भाषा शिकवणं गुन्हा ठरवलं. तिथल्या हॅमिल्टन काउंटीत, ग्रामीण भागातल्याच एका ल्यूथरन शाळेत, रॉबर्ट मायर या शिक्षकाला दहा वर्षांच्या मुलाला जर्मनमधून बायबलच्या गोष्टी वाचायला शिकवल्याबद्दल 25 डॉलर दंड झाला. तो खटला सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि 1923 साली न्यायालयाने तो कायदा रद्द केला. कायदा गेला, पण लाज राहिली. लाज ही न्यायालयात जाऊन रद्द होत नाही. ती आईच्या जिभेवर येऊन बसते, आणि पाळण्याशी कोणती भाषा बोलायची हे ती ठरवते.

ज्यूंच्या यिद्दिश भाषेचं तसंच झालं. त्या भाषेत लिहिणाऱ्या आयझॅक बाशेव्हिस सिंगर यांना 1978 मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं, त्या काळात त्यांच्या वाचकांची मुलं इंग्रजीत वाढत होती. आज अमेरिकेत यिद्दिश बोलणारी मुलं सापडतात ती हासिदी पंथाच्या वस्त्यांत, जिथे सिंगर यांच्या कादंबऱ्या वाचायची फारशी चाल नाही. जनगणनेच्या सविस्तर यादीत यिद्दिश आणि पेनसिल्व्हेनिया डच एकाच ओळीत बसवलेल्या आहेत. वर्गीकरणाची सोय म्हणून ते झालं असेल, पण दोन्ही भाषा जगण्याची रीतही तीच आहे.

मी आमिशांची आरती ओवाळतो आहे असं कुणाला वाटेल. त्यांची भाषा भिंतीच्या आड टिकली आहे आणि त्या भिंतीची किंमत मोठी आहे. मुलांचं शिक्षण आठवीला संपतं. विस्कॉन्सिनच्या ग्रीन काउंटीतल्या तीन बापांनी मुलांना पुढे शाळेत पाठवायला नकार दिला, तेव्हा त्यांना पाच-पाच डॉलर दंड झाला होता. 1972 साली सर्वोच्च न्यायालयाने धर्मस्वातंत्र्याच्या आधारावर निकाल त्यांच्या बाजूने दिला. त्या निकालात न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी काही अंशी वेगळं मत नोंदवलं. त्यांचा मुद्दा असा, की बापांचं म्हणणं ऐकलं, पण त्या मुलामुलींना काय हवं आहे हे कोण विचारणार? एखाद्याला पियानोवादक किंवा अंतराळवीर व्हायचं असेल तर? तो प्रश्न मला आजही बिनतोड वाटतो. भाषा राखण्यासाठी मुलीची शाळा थांबवावी लागणार असेल तर भाषा जाऊ दे, असंच मी म्हणेन.

पण मुळात तशी निवड करायची वेळ येते का? ल्यूथरन आणि रिफॉर्म्ड डाइच घरांतली भाषा शाळेने मारली असं म्हणायची पद्धत आहे. मला ते अर्धंच पटतं. आमिश मूलही इंग्रजी शाळेतच जातं. फरक घरी परतल्यावर पडतो. एका घरात दप्तर टाकताना भाषा बदलते, दुसऱ्या घरात शाळेची भाषा दप्तराबरोबर स्वयंपाकघरात येते आणि आई तिचं स्वागत करते. भिंत म्हणजे बग्गी आणि टोपीच असली पाहिजे असं नाही, उंबरठाही पुरतो. जोशुआ फिशमन या भाषावैज्ञानिकाने 1991 मधल्या आपल्या पुस्तकात, मागे पडणाऱ्या भाषा सावरायच्या कशा याची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तीत सरकार, विद्यापीठ, वर्तमानपत्रं यांना जागा आहे, पण सगळा भार ज्या पायरीवर आहे ती घर, कुटुंब आणि शेजार यांची. ती निखळली तर वरच्या पायऱ्यांवर कितीही खर्च केला तरी शिडी अधांतरी राहते. अमेरिकेतल्या मूळ रहिवासी नावाहो लोकांनी 1968 साली स्वतःचं महाविद्यालय काढलं, शाळांत आपली भाषा आणली. ती भाषा बोलणारे दीड लाखाहून जास्त आहेत, तरी लहान मुलांत ती झपाट्याने ओसरते आहे. त्यांचे प्रयत्न खोटे नव्हते. ते मुलांपर्यंत पोचेपर्यंत घरांतलं बोलणं बदललेलं होतं.

आपल्याकडे मराठीला 3 ऑक्टोबर 2024 रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. मला त्याचा आनंद झाला, आणि तो मी लपवत नाही. महाराष्ट्रात सर्व शाळांत मराठी शिकवणं सक्तीचं करणारा कायदा 2020 मध्ये झाला, तोही हवाच होता. पण याच महाराष्ट्रातल्या शहरांत मी रोज ऐकतो: ‘बेटा, शूज घाल, हँड वॉश कर, मग ॲपल देते.’ बोलणाऱ्या आईचं स्वतःचं इंग्रजी याहून पुढे फारसं जात नाही. तिची आई तिच्याशी भरघोस मराठीत बोलली होती, म्हणी, ओव्या, शिव्या सगळ्यांसकट. आता ही आई आपल्याला पूर्ण येणारी भाषा बाजूला ठेवून अर्धवट येणारी भाषा मुलाच्या ताटात वाढते आहे, आणि तेही प्रेमापोटी. मला तिच्यावर रागवावंसं वाटत नाही. पेनसिल्व्हेनियातल्या त्या बापाला जी भीती होती तीच तिला आहे. शाळेच्या प्रवेशाला मूल इंग्रजीत बोललं नाही तर काय, हा प्रश्न तिने शोधून काढलेला नाही, तो तिला विचारला जातो.

तिला मी एवढंच दाखवू शकतो: 2011 च्या भारतीय जनगणनेत इंग्रजी ही आपली मातृभाषा असं सांगणारे सगळ्या देशात सुमारे 2 लाख 60 हजार होते. एकशे एकवीस कोटींत. याचा अर्थ, या देशात जे कुणी उत्तम इंग्रजी लिहितात, बोलतात, न्यायालयात त्यात युक्तिवाद करतात, त्यातून शस्त्रक्रिया शिकवतात, ते जवळजवळ सगळे दुसऱ्या भाषेच्या घरातून आलेले आहेत. आपलं सगळं इंग्रजी मराठी, तमिळ, बंगाली, कन्नड घरांच्या पायावर उभं आहे. तो पाया काढला की इंग्रजी उंच होईल, याला आपल्याच अनुभवात काही आधार नाही. चांगलं इंग्रजी चांगल्या शिक्षकाकडून येतं. आमिश शाळेतल्या त्या तरुण शिक्षिकेला मुलांनी घरी इंग्रजी बोलून यावं अशी अपेक्षा नसते. ते शिकवणं आपलं काम आहे हे तिला ठाऊक असतं. आपल्याकडच्या कित्येक शाळांनी ते काम आईवर ढकललं आहे आणि त्याची फीही घेतली आहे.

घरापुरती भाषा किती दूर जाऊ शकते याचं आपलं स्वतःचं उदाहरण तंजावरचं. व्यंकोजी राजांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथे राज्य स्थापलं, ते 1855 मध्ये संपलं. सरफोजी राजांनी 1803 मध्ये बृहदीश्वराच्या देवळात भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरवून घेतला. राज्य गेलं, राजाश्रय गेला, लिहिणं-वाचणं तमिळ आणि इंग्रजीत गेलं. तरी तमिळनाडूतल्या मराठी घरांतून पिढ्यान् पिढ्या मराठी बोलली गेली. तिच्यात तमिळ मिसळलं, ऐकताना आपल्याला ती जुनी आणि वेगळी वाटते, पण आपली वाटते. त्या घरांतली माणसं तमिळमध्ये कच्ची राहिली नाहीत, इंग्रजीतही नाहीत. वकील झाली, शिक्षक झाली, दिवाणगिरी केली. आता तिथेही नवी पिढी ती सोडते आहे. दगडावरची मराठी अजून स्पष्ट आहे, चुलीजवळची विझत चालली आहे.

परदेशातल्या मराठी घरांत हे अधिक लवकर होतं. उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळ 1981 पासून आहे आणि अनेक शहरांत रविवारच्या मराठी शाळा चालतात. त्या चालवणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे, सुट्टीचा दिवस मोडून लोक हे करतात. अमेरिकी जनगणनेच्या सविस्तर यादीत त्यांच्या घरांची ओळ ‘नेपाळी, मराठी किंवा इतर इंडिक भाषा’ अशी आहे. पण आठवड्यातले दोन तास शाळेचे आणि उरलेले सहा दिवस इंग्रजीचे असतील तर त्या ओळीत पुढच्या वेळी फक्त आजीआजोबा उरतील. शाळेने अक्षरं शिकवावीत. पोळीवर तूप हवं का, हे विचारणं घराचं काम आहे.

1 मार्च 2025 रोजी राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी आदेश काढून इंग्रजीला अमेरिकेची अधिकृत भाषा ठरवलं. इंग्रजी न येणाऱ्यांना सरकारी सेवा समजतील अशा द्यायला लावणारा बिल क्लिंटन यांचा 2000 सालचा आदेश त्यांनी रद्द केला. त्याचा त्रास टेक्ससच्या स्टार काउंटीत होऊ शकतो. तिथे शंभरातल्या नव्वदांहून जास्त माणसं घरी स्पॅनिश बोलतात, आणि दवाखान्यात म्हाताऱ्या माणसाला औषध कधी घ्यायचं ते समजणं हा जिवाचा प्रश्न असतो. तिथे दुभाषी हवेत, मतपत्रिका स्पॅनिशमध्ये हव्यात, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. होम्सला या आदेशाने फारसा फरक पडायचा नाही. अल्पसंख्य भाषांत मतपत्रिका देणारी 1975 ची कायद्यातली तरतूद आमिशांना कधी लागूच नव्हती. ती स्पॅनिश, आशियाई, मूळ अमेरिकन आणि अलास्कातल्या समाजांपुरती आहे. आमिशांनी ती मागितलीही नाही. सरकारने त्यांच्या भाषेला काही दिलं नाही, म्हणून काढून घेण्यासारखं सरकारच्या हाती काही नाही.

माउंट होपला आज संध्याकाळी एखाद्या टेबलाशी चार वर्षांचं मूल बसलं असेल आणि डाइचमध्ये आणखी पाव मागत असेल. आई त्याच भाषेत ‘आधी पानातला संपव’ म्हणत असेल. ते मूल भाषेच्या कुठल्याही तक्त्यात नाही. दोन वर्षांनी ते शाळेत जाईल, बाकावर बावरून बसेल, शिक्षिकेचं इंग्रजी त्याला निम्मं कळणार नाही. त्या वर्षी प्रश्नावली आली तर बाप त्याच्या नावापुढे ‘फारसं चांगलं नाही’ या चौकटीत खूण करील. खूण करताना त्याचा हात अडखळणार नाही, कारण त्याच्या बापानेही त्याच्याबद्दल तेच उत्तर दिलं असतं.